बटण दाबतोय, पण ढिम्म हलत नाही!

यावेळी वेबसाइटबद्दल प्रश्न मागवले होते आणि पत्रं उघडली तर जिकडेतिकडे एकच रडगाणं, क्लिक केलं तरी काही होत नाही. आंबेवाले, होमस्टेवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांचं तेच. म्हणून अख्खा अंक यावरच घेतोय. कोडमधली नावं देवनागरीत लिहितोय, स्पेलिंग तुमचा एडिटर सुचवेलच.

प्रश्न : आमची देवगडाक हापूसची कलमा आसत. भाच्यान वेबसाइट करून दिल्यान. 'ऑर्डर करा' बटण लॅपटॉपार चलता, पण गिऱ्हाइकांनी मोबायलार दाबल्यानी तरी काय्येक होणा नाय. पेटये भरून तयार आणि गिऱ्हाइका फोन करून माका गाळी घालतत. भाचो सांगता कोड बरोबर आसा. मगे चुकता खंय?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : काका, भाचा खोटं बोलत नाहीये, कोड बरोबर असूनही हे होतं. क्लिक तीन ठिकाणी अडकू शकतो. एक तर तो बटणापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतो पण तिथे त्याची वाट बघत कुणी बसलेलं नसतं, किंवा फंक्शन सुरू होतं पण आत गेल्यावर कुठेतरी आपटतं. यातलं नक्की काय झालंय हे न बघता लोक सरळ कोड बदलायला घेतात, आज ही ओळ उडव उद्या ती टाक, आणि मग जे चालत होतं तेही बंद पडतं. त्यामुळे भाच्याला सांगा आधी कोडला हात लावू नको.

लॅपटॉपवर चालतं आणि मोबाइलवर नाही म्हणजे माझा संशय पहिल्यावरच होता. तुम्ही लिंक दिली होती म्हणून पान उघडून बघितलं. खाली उजव्या कोपऱ्यात ते गोल चॅटचं बटण लावलंय ना, ते दिसायला एवढुसं आहे, पण ते ज्या डब्यात बसलंय तो डबा पानाच्या खालच्या पूर्ण रुंदीवर पसरलाय, पारदर्शक, म्हणून कुणाला दिसत नाही. लॅपटॉपवर तुमचं ऑर्डरचं बटण पानाच्या मध्यात येतं तेव्हा काही अडत नाही, मोबाइलवर तेच बटण सरकून तळाला जातं आणि बरोबर त्या अदृश्य डब्याखाली सापडतं. गिऱ्हाईक बोट ठेवतं ते बटणावर नाही, काचेवर.

हे ओळखायची युक्ती एकदम सोपी. लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ-बारा दाबायचं, मोबाइलसारखी रुंदी करायची, आणि बटणावर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट म्हणायचं. एलिमेंट्समध्ये बटणच निळं झालं तर ठीक, दुसराच कुठला डिव्ह (म्हणजे पानावरचा डबा) निळा झाला तर तोच चोर. डॉक्युमेंटच्या एलिमेंटफ्रॉमपॉइंटला त्या जागेचे आकडे दिले तरी सगळ्यात वर कोण बसलंय ते कळतं.

उपाय : त्या डब्याला सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणारा कोड) पॉइंटर-इव्हेंट्स नन द्यायचं, म्हणजे क्लिक त्याच्यातून आरपार जातो, आणि आतल्या गोल बटणाला पॉइंटर-इव्हेंट्स ऑटो. झालं. कृपा करून बटणाला झेड-इंडेक्स (कोण वर, कोण खाली ते ठरवणारा आकडा) नव्व्याण्णव हजार वगैरे देऊ नका, हा रोग फार पसरलाय. एक तर साध्या स्टॅटिक पोझिशनच्या एलिमेंटला झेड-इंडेक्स लागूच होत नाही (फ्लेक्स किंवा ग्रिडच्या आत असेल तर गोष्ट वेगळी), आणि वरच्या कुणा आजोबा-डिव्हला ट्रान्सफॉर्म किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी दिलेली असेल तर तिथे वेगळा थर तयार होतो, मग आतला आकडा कितीही फुगवा, बाहेरच्याशी त्याची तुलनाच होत नाही. आणि हो, सीझन संपायच्या आत करून घ्या, मे महिना कुणासाठी थांबत नाही.

प्रश्न : गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे. तारीख टाकली की त्या दिवशी रिकाम्या असलेल्या खोल्यांची यादी येते, प्रत्येक खोलीपुढे 'बुक करा' आहे. पान उघडल्यावर ज्या दोन खोल्या आधीपासून दिसतात त्यांची बटणं चालतात, नंतर आलेल्यांची चालत नाहीत. गंमत म्हणजे नवीन यादी आली की आधीची दोन पण बंद पडतात! मी स्वतः शिकून केलंय, कन्सोलला (ब्राउझर चुका दाखवतो तिथे) काहीच लाल येत नाही, त्यामुळे शोधायचं कुठे तेच कळेना.
– गुहागरची एक वाचक

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून अर्ध काम झालं. तुमच्याकडे दोन वेगवेगळे घोळ एकत्र आलेत.

पहिला असा की तुम्ही क्वेरीसिलेक्टरऑल करून सगळ्या बटणांना लिसनर (क्लिकची वाट बघत बसणारा कोड) लावला, पण तो लावला त्या क्षणी पानावर दोनच बटणं होती. नंतर सर्व्हरवरून आलेली बटणं त्यावेळी जन्मालाच आली नव्हती, त्यांना लिसनर कोण लावणार. ब्राउझर मागाहून येणाऱ्यांना आपोआप काही चिकटवत नाही, आणि यात चूक अशी काहीच नसल्याने लाल ओळही येत नाही.

दुसरा घोळ म्हणजे नवी यादी जोडायला वापरलेलं इनरएचटीएमएल प्लस-इक्वल-टू. वाटतं की आपण जुन्याला नवीन जोडतोय, प्रत्यक्षात ब्राउझर जुनं सगळं मजकूर म्हणून वाचतो, त्यात नवीन मजकूर जोडतो, आणि सगळंच्या सगळं नव्याने बांधतो. दिसायला तीच दोन बटणं, पण ती नवी कोरी, जुन्यांबरोबर त्यांचे लिसनर गेले. म्हणून तुमची आधीची दोन पण बंद पडली. इथे इन्सर्टअ‍ॅडजेसंटएचटीएमएल वापरा किंवा एलिमेंट तयार करून अपेंड करा, मग जुन्यांना धक्का लागत नाही.

पण खरं तर प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर लावूच नका. क्लिक ज्या बटणावर होतो तिथे संपत नाही, तो बटणाकडून त्याच्या आईवडिलांकडे, त्यांच्याकडून आणखी वर असा डॉक्युमेंटपर्यंत चढत जातो, याला बबलिंग म्हणतात. तेव्हा अख्ख्या यादीच्या डब्याला एकच लिसनर लावा, आणि आत इव्हेंटच्या टार्गेटवर क्लोझेस्ट वापरून विचारा की हा क्लिक 'बुक करा' मधूनच आलाय ना. क्लोझेस्ट का, तर लोक बटणातल्या आयकॉनवर बोट ठेवतात, मग टार्गेट बटण नसतं, आयकॉन असतो. सरळ टार्गेटचा क्लास तपासणारे इथे हमखास फसतात, मग 'कधी चालतं कधी नाही' अशी तक्रार येते.

दोन गोष्टी याच्यात आडव्या येऊ शकतात. खोलीच्या फोटोंचा स्लायडर कुठूनतरी उचलून लावला असेल आणि बटण त्याच्या आत असेल, तर काही स्लायडर आपल्या आतले क्लिक स्टॉपप्रोपगेशन करून अडवतात, वर पाठवतच नाहीत. आणि आयफोनवर सफारीत बटणाऐवजी नुसता डिव्ह वापरून लिसनर बॉडी किंवा डॉक्युमेंटला लावला असेल तर क्लिक वर पोचत नाही, त्या डिव्हला कर्सर पॉइंटर दिलं की चालायला लागतं. विचित्र आहे पण आहे. त्यापेक्षा खरं बटण वापरा ना, कीबोर्डवरूनही चालतं, अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरलाही कळतं.

प्रश्न : सर, मी दापोलीत बीएससीला आहे. कन्सोलला येतंय 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल, रीडिंग अ‍ॅडइव्हेंटलिसनर'. आयडी दहा वेळा तपासला, बरोबर आहे.

उत्तर : आयडी बरोबर आहे, वेळ चुकली. स्क्रिप्ट हेडमध्ये टाकलीयस, ब्राउझर वरून खाली वाचत येतो, स्क्रिप्ट चालली तेव्हा बटण अजून पानावर आलेलंच नाही, म्हणून नल, म्हणजे काहीच सापडलं नाही. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि तिच्या टॅगला डिफर लाव, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती चालेल. बस्स. आणि लक्षात घे, त्या ओळीवर स्क्रिप्ट मेली की त्याच फाइलमधलं खालचं काहीच चालत नाही, म्हणजे एका बटणाच्या चुकीपायी पुढची सगळी बटणं गप्प होतात. म्हणून कन्सोलमधली सगळ्यात वरची लाल ओळ आधी वाचायची, खालच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लावळ असते.

प्रश्न : मालवणात आमचं बोटिंग आणि स्कुबाचं बुकिंग ऑफिस आहे. लॅपटॉपवर फॉर्म भरतो, शेवटी फोन नंबर टाकून 'बुकिंग पक्कं करा' दाबलं की काही होत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की होतं. दरवेळी नाही, कधीकधीच. डेव्हलपर म्हणतो 'माझ्याकडे तर चालतंय'. समोर पर्यटक रांगेत उभे असतात हो, त्यांना वाटतं आम्हालाच कॉम्प्युटर येत नाही.
– मालवण

उत्तर : या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा होतं, आणि कधीकधीच, असं कुणी सांगितलं की मी एकच विचारतो, बटण दाबताना ते जागचं हलतं का? तुमच्या डेव्हलपरकडे चालतं कारण तो पहिल्याच फटक्यात बरोबर नंबर टाकतो.

क्लिक ही एक गोष्ट नाही. माउसचं बटण खाली दाबलं की माउसडाउन, सोडलं की माउसअप, आणि दोन्ही एकाच एलिमेंटवर झाले तरच त्या एलिमेंटला क्लिक मिळतो. एक इथे आणि एक तिथे झाला तर क्लिक त्या दोघांना पोटात घेणाऱ्या डब्याला जातो, बटणाला नाही. आता तुमच्या फॉर्ममध्ये सावकाश बघा. पर्यटकाने घाईत नंबर सांगितला, तुमच्या माणसाने एक अंक कमी टाकला, खणातून बाहेर पडताच लाल अक्षरात 'दहा अंकी नंबर टाका' आलं, त्या ओळीने बटण खाली ढकललं. मग त्याने अंक दुरुस्त केला, पण लाल ओळ अजून तिथेच आहे, कारण तुमचा फॉर्म नंबर तपासतो ते त्या खणातून बाहेर पडताना, म्हणजे ब्लरवर. आता माणूस बटण दाबतो. माउसडाउन झाला, त्याबरोबर फोकस खणातून निघाला, ब्लर झाला, नंबर बरोबर निघाला, लाल ओळ गायब, आणि बटण टुणकन वर सरकलं. बोट सुटेपर्यंत माउसखाली बटण नाहीच, रिकामी जागा आहे. माउसअप तिथे पडला. क्लिक हुकला. दुसऱ्या वेळी लाल ओळही नाही आणि ब्लरही नाही, त्यामुळे बटण जागेवर राहतं आणि काम होतं.

ज्याला हे माहीत नाही तो जावास्क्रिप्टमध्ये दिवसचे दिवस शोधत बसतो आणि जावास्क्रिप्टमध्ये काही चुकलेलंच नसतं. उपाय सीएसएसमध्ये आहे, लाल ओळीसाठी खणाखाली आधीपासूनच जागा राखून ठेवा, मिन-हाइट द्या, मजकूर असो नसो बटण तसूभर हलता कामा नये. नाहीतर तपासणी सबमिटच्या वेळी करा.

याचाच एक भाऊ आहे तोही सांगून ठेवतो. गावाचं नाव टाइप करताना खाली यादी उघडते, तारकर्ली, देवबाग, वायरी, आणि त्यातल्या नावावर क्लिक केलं की नाव भरलं जात नाही, नुसती यादी मिटते. तिथेही ब्लरच, माउसडाउनबरोबर ब्लर झाला, ब्लरने यादी लपवली, क्लिक मिळायला कुणी उरलंच नाही. यादीवर माउसडाउनला प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, मग फोकस खणातच राहतो आणि यादी टिकते.

प्रश्न : रत्नागिरीत डिप्लोमाला आहे. माझ्या फॉर्ममध्ये 'पुसा' बटणाला ऑनक्लिकमध्ये क्लिअर फंक्शन लावलंय. फंक्शन आहे, एरर नाही, आणि काहीच होत नाही!! मित्र म्हणतो विंडोज परत टाक.

उत्तर : मित्राला म्हणावं तू चहा सांग. एचटीएमएलमध्येच ऑनक्लिक लिहिलं की त्यातलं नाव ब्राउझर आधी त्या बटणात शोधतो, मग फॉर्ममध्ये, मग डॉक्युमेंटमध्ये, आणि सगळ्यात शेवटी तुझ्या ग्लोबल फंक्शनमध्ये. डॉक्युमेंटकडे स्वतःचं एक जुनंपुराणं क्लिअर आहे, जे आज काहीही करत नाही, नुसतं नावाला उरलंय. तुझं बटण इमानेइतबारे तेच चालवतंय. नाव बदल, पुसाफॉर्म कर, चालेल. फंक्शनला ओपन नाव दिलं असतंस तर याहून मजा, डॉक्युमेंटचं ओपन चाललं असतं आणि अख्खं पान कोरं झालं असतं.

त्यापेक्षा ऑनक्लिक सोड आणि अ‍ॅडइव्हेंटलिसनर वापर. फक्त तिथे फंक्शनचं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचे नाहीत. कंस लावलेस तर पान उघडतानाच ते एकदा चालून मोकळं होतं आणि क्लिकच्या हाती काही लागत नाही. आणखी एक, फॉर्मच्या आतलं बटण काही न सांगितल्यास सबमिटचंच असतं, पान रिलोड होतं आणि वाटतं काहीच झालं नाही, म्हणून 'पुसा'ला टाइप बटण दे.

प्रश्न : हर्णै बंदरात लिलावाची नोंद मोबाइलवर करतो, मुलाने अ‍ॅपसारखी वेबसाइट बनवलीय. जेटीवर बटणं लागत नाहीत, घरी आल्यावर लागतात. रेंजचा प्रॉब्लेम?

उत्तर : रेंज नव्हे हो, पाणी. मोबाइलची काच बोटाची वीज ओळखते आणि समुद्राचं पाणी वीज चांगलीच वाहून नेतं, त्यामुळे ओल्या हातांनी, बर्फाच्या पाण्याने थेंबाळलेल्या काचेवर फोनला बोट कुठे आणि थेंब कुठे ते कळेनासं होतं. हा कोडचा दोष नाही, काच पुसणं हाच उपाय.

पण मुलाला दोन गोष्टी करता येतील. बटणं मोठी करायला सांगा. अ‍ॅपल किमान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडवाले ४८ डीपी, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम) मध्ये किमान २४ पिक्सेल धरलेत, पण ते फारच कमीत कमी, जेटीवर ४८ च्या खाली जाऊच नका, आणि दोन बटणांत अंतर ठेवा, पापलेटच्या जागी बांगडा नोंदला गेला तर निस्तरणार कोण. दुसरं म्हणजे बोट काचेवर थोडं जरी घसरलं तरी ब्राउझरला वाटतं माणूस पान सरकवतोय, तो पॉइंटरकॅन्सल देतो आणि क्लिक देतच नाही. हलत्या बोटीत हे सारखं होणार. म्हणून नोंदीचं पान सरकवावं लागणार नाही एवढंच ठेवा, आणि बटणांना टच-अ‍ॅक्शन नन द्या, म्हणजे त्यांच्यावर बोट घसरलं तरी ब्राउझर पान सरकवायला धावणार नाही. बटण दाबल्यावर त्याचा रंग ठळक बदलू द्या, उन्हात नाहीतर कळत नाही दाबलं गेलं की नाही. हे सगळे बदल पावसाळी बंदीत निवांत करा, ऐन लिलावात प्रयोग नकोत.

प्रश्न : कुडाळात आमचा घरगुती फराळ-मोदकांचा धंदा आहे. गणपतीत एकेका गिऱ्हाइकाच्या तीन-तीन सारख्या ऑर्डरी पडल्या. विचारलं तर म्हणतात बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणून परत दाबलं. चाकरमानी मुंबईहून निघालेले, गाडीतून ऑर्डर करतात, रेंज जाते येते. मोदक तीनपट वळून ठेवले, त्याचं काय करू?
– कुडाळ

उत्तर : मोदक वाटून टाका, बाप्पाच्या नावाने पुण्य लागेल. बटणाचं असं आहे की ते बिचारं पहिल्या क्लिकलाच कामाला लागलं होतं, फक्त तसं बोललं नाही. क्लिक झाल्याबरोबर, सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता, बटण डिसेबल करा आणि त्यावर 'ऑर्डर पाठवतोय…' लिहा. उत्तर आलं किंवा एरर आली, दोन्ही वेळा ते परत चालू झालं पाहिजे, एररमध्ये विसरलात तर बटण कायमचं मुकं होतं आणि मग पुढच्या अंकात तो प्रश्न. पण नुसतं एवढ्यावर विसंबू नका, कारण बोगद्यात रेंज गेली तर ऑर्डर पोचलेली असते आणि उत्तर परत आलेलं नसतं, माणूस परत दाबणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून फॉर्म उघडतानाच प्रत्येक ऑर्डरला एक वेगळा नंबर द्या, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न करता पहिलीचीच पावती परत द्यावी. हे खरं औषध, बटणाचं डिसेबल म्हणजे वरवरचा लेप.

रेंज फुल्ल असूनही बटण उशिरा हलत असेल तर मामला वेगळा. ब्राउझरचा मेन थ्रेड म्हणजे एसटी स्टँडवरची एकच चालू असलेली खिडकी, आत कुणी पासाचा गठ्ठा घेऊन बसला की मागच्याचं साधं तिकीटही अडतं. तुमच्या पानावर मोठमोठे फोटो फिरवणारी, जाहिराती मोजणारी स्क्रिप्ट चालू असेल तर क्लिक रांगेत उभा राहतो. पन्नास मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खिडकी अडवणाऱ्या कामाला लाँग टास्क म्हणतात, डेव्हटूल्सच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ती लाल खुणेने दिसतात. गूगलने १२ मार्च २०२४ पासून आयएनपी नावाचं माप वेबसाइटच्या मुख्य मापांत घेतलंय, क्लिक केल्यापासून पडद्यावर काहीतरी बदल दिसेपर्यंतचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं, ५०० च्या वर गेलं तर वाईट. तुमच्या पानावर दिवाळीच्या आधी मोजून घ्या, फराळाच्या ऑर्डरी त्याच बटणावरून येणारेत.

प्रश्न : बटण दुरुस्त केलं, माझ्या फोनवर चालतंय, बायकोच्या फोनवर अजून जुनंच. काय?
– वेंगुर्ला

उत्तर : तिच्या फोनने जुनी जावास्क्रिप्ट फाइल साठवून ठेवलीय. तिच्या ब्राउझरमध्ये तुमच्या साइटचा डेटा क्लिअर करा, सर्व्हिस वर्कर (मागे राहून फाइली साठवणारी स्क्रिप्ट) असेल तर तोही त्यातच जाईल. पण गिऱ्हाइकांच्या घरोघरी जाऊन हे करता येणार नाही, तेव्हा फाइल बदलली की तिच्या नावात आवृत्तीचा आकडाही बदलत चला.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना ब्राउझर कुठला, फोन कुठला आणि कन्सोलमधली पहिली लाल ओळ एवढं जरूर लिहा. 'चालत नाही' एवढंच लिहिलेली पत्रं बाजूला ठेवलीयत, त्यांनी परत पाठवावीत.